घरी वही बांधताना या चुका टाळा

हाताने वही बांधण्याचा छंद बाहेरून सोपा दिसतो. कागद, सुई-दोरा, पुठ्ठा, कापड आणि गोंद एवढ्या सामानावर काम भागते आणि पहिली वही एका दुपारी तयारही होते. आठवड्याभराने तीच वही हातात घेतली की पुठ्ठा वाकलेला असतो, पाने पाठीजवळ लहरल्यासारखी झालेली असतात आणि पहिले पान अस्तराला, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या कागदाला, चिकटलेले असते. नव्याने शिकणारे अशा वह्या घेऊन माझ्याकडे येतात आणि शिवण कुठे चुकली ते विचारतात. शिवण बहुतेक वेळा बरी असते. चूक त्याच्या बरीच आधी, कागद कापायला घेतला तेव्हाच झालेली असते.

कागदाची दिशा न पाहणे

यंत्रावर कागद तयार होताना पातळ लगदा धावत्या जाळीवर पसरतो आणि त्यातले बहुतेक तंतू जाळी ज्या दिशेने धावते त्याच दिशेने लागतात. म्हणून यंत्रावर बनलेल्या प्रत्येक कागदाला आणि पुठ्ठ्याला एक दिशा असते. ओलावा लागला की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र फुगतात. त्यामुळे कागद तंतूंच्या दिशेने जवळपास तेवढाच राहतो, त्यांना आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आकसतो. वहीतला कागद, पुठ्ठा आणि अस्तराचा कागद या तिन्हींची दिशा पाठीला समांतर असली पाहिजे, हा नियम यातूनच येतो. कागद पाठीपासून बाहेरच्या बाजूला मोकळेपणाने पसरू शकतो, पण पाठीच्या लांबीत तो शिवणीने आणि गोंदाने बांधलेला असतो. त्या लांबीत पसरायची वेळ आली की जागा न मिळाल्यामुळे तो लाटांसारखा वर येतो.

हे सगळे मला वाचून ठाऊक होते, तरीही एकदा मी त्याकडे दुर्लक्ष केले. भेट देण्यासाठी मला एकाच मापाच्या १२ वह्या करायच्या होत्या आणि पुठ्ठ्याचे मोठे तुकडे मोजकेच उरले होते. सगळे तुकडे उभे कापले तर ९ वह्या होत होत्या, काही आडवे कापले तर १२ बसत होत्या. मी आडवे कापले. शिवण मन लावून केली, कापड चढवले, अस्तर चिकटवले आणि रात्रभर वजनाखाली ठेवून सकाळी वह्या बाहेर काढल्या. त्या अगदी सपाट होत्या आणि मी समाधानाने त्या उभ्या लावून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्म्या वह्यांचे पुठ्ठे फिरले होते: एक कोपरा वर, त्याच्या तिरक्या समोरचा दुसरा कोपराही वर, लाकडी फळी पिळावी तसे. अस्तराचा कागद एका दिशेने आकसत होता, पुठ्ठा दुसऱ्या दिशेने दाद देत होता आणि दोघांच्या ओढाताणीत पुठ्ठा पिळला गेला होता. पुन्हा वजन ठेवले, दोन दिवस ठेवले, चार दिवस ठेवले. बाहेर काढले की काही तासांत पीळ परत येई. अखेर त्या वह्यांची मुखपृष्ठे फाडून नवा पुठ्ठा आणावा लागला. तीन वह्यांचा पुठ्ठा वाचवण्यासाठी सहा वह्यांचे काम दुसऱ्यांदा केले.

तेव्हापासून पट्टी हातात घेण्याआधी मी प्रत्येक कागद वाकवून पाहतो. कागद न मोडता, नुसता गोल वळवून तळहाताने हलके दाबायचा. मग तो नव्वद अंशांत फिरवून तसेच करायचे. ज्या वळणात विरोध कमी जाणवतो, त्या वळणाच्या नळीला समांतर कागदाची दिशा असते. पुठ्ठ्याच्या बाबतीत हा फरक हाताला लगेच कळतो. पातळ कागदात शंका राहिली तर एक लहान तुकडा एका बाजूने ओला करावा. तो आपोआप वळतो आणि त्याच्या गुंडाळीची लांबी हीच त्याची दिशा असते. दिशा कळली की मी कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढतो, कारण तुकडे कापून झाल्यावर कोणता कुठून आला हे मला आठवत नाही आणि इतरांनाही आठवत नसावे.

यातला सर्वांत मोठा सापळा म्हणजे घरात नेहमी असणारा ए-४ कागद. त्याची दिशा सहसा २९७ मिलिमीटरच्या लांब बाजूने असते. तो मधोमध दुमडून ए-५ आकाराची वही केली की दुमड २१० मिलिमीटरच्या बाजूला समांतर येते, म्हणजे दिशा पाठीला आडवी जाते. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची पहिली वही अशीच असते आणि ती नीट सपाट उघडत नाही. यावर दोन उपाय आहेत. लांब बाजूने दिशा असलेला ए-३ कागद मिळवून तो ४२० मिलिमीटरच्या बाजूत अर्धा कापावा; मिळणाऱ्या ए-४ तुकड्यांची दिशा आखूड बाजूने असते. नाहीतर नेहमीचाच ए-४ अर्धा कापून ते तुकडे दुमडावेत आणि ए-६ आकाराची खिशात मावणारी वही करावी, तिची दिशा आपोआप बरोबर येते. पहिल्या पाच वह्या या लहान आकाराच्याच कराव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोठी आणि जाडजूड वही आधी करायची घाई मला कधीच पटलेली नाही.

जास्त गोंद आणि कमी धीर

पांढरा गोंद लवकर धरतो आणि एकदा धरला की सुटत नाही. गव्हाच्या पिठाची खळ हळू वाळते, कागद सरकवून नीट बसवायला वेळ देते, पण सोबत पाणीही पुष्कळ आणते. मी पाठीला नुसता गोंद वापरतो आणि अस्तराला गोंदात थोडी खळ मिसळतो, म्हणजे हाताला अर्धा मिनिट तरी मिळतो. थर मात्र दोन्हीकडे पातळच हवा. ब्रश मधून कडेकडे न्यावा. कडेकडून आत आणला तर कागदाखाली गोंद शिरतो. खाली घातलेला रद्दी कागद एकदा वापरला की लगेच काढून टाकावा, कारण नव्या कापडावरचे बहुतेक डाग त्याच कागदावरून आलेले असतात.

अस्तर चिकटवल्यावर ते आणि पहिले पान यांच्यामध्ये मेणकागद किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा घालून वही मिटावी आणि सपाट वजनाखाली रात्रभर ठेवावी. एका विद्यार्थिनीने दोन तासांनी "फक्त एकदा बघते" म्हणून वही उघडली आणि ओले अस्तर सांध्यावर, म्हणजे पाठ आणि पुठ्ठा यांच्यामधल्या खाचेवर, जे ताणले गेले, ती सुरकुती शेवटपर्यंत गेली नाही. केस वाळवण्याच्या यंत्राने गोंद सुकवायला सांगणारे व्हिडिओ मला मनापासून खटकतात. वरचा थर सुकतो, पुठ्ठ्यातला ओलावा आतच राहतो आणि तो नंतर, वजन काढल्यावर, आपले काम करतो.

शिवताना आणि कापताना

एका घडीत, म्हणजे एकत्र दुमडून शिवायच्या कागदांच्या गठ्ठ्यात, ८० जीएसएमचे (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे) चार किंवा पाच कागद पुरेत; त्याहून जास्त घातले की आतली पाने बाहेर डोकावतात. छिद्रे अंदाजाने पाडू नयेत. कागदाच्या एका पट्टीवर खुणा करून तीच पट्टी प्रत्येक घडीत ठेवावी आणि टोच्याने छिद्रे पाडावीत. दोरा घट्ट करताना तो नेहमी पाठीला समांतर, शिवण जिकडे चालली आहे तिकडे ओढावा. उलटा किंवा सरळ वर ओढला तर छिद्र फाटते. जाड दोरा मजबूत असतो हे खरे, पण दहा घड्यांत त्याची जाडी दहा वेळा जमा होऊन पाठ फुगते.

२ मिलिमीटरचा पुठ्ठा एका दणक्यात कापू नये. लोखंडी पट्टी धरून कटरचे सात-आठ हलके हात फिरवावेत आणि पाते बोथट वाटण्याआधीच बदलावे. पाठीची पट्टी आणि पुठ्ठा यांमध्ये साधारण ७ ते ८ मिलिमीटर अंतर सोडावे. कमी सोडले तर मुखपृष्ठ उघडताना पहिल्या पानांना ओढते. कापडाचा कोपरा तिरका कापताना पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट कापड राखावे, नाहीतर पुठ्ठ्याचे टोक उघडे पडते.

वाकलेली वही हातात असेल तर

पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकला असेल, म्हणजे कडा वहीपासून दूर जात असतील, तर कापडाची ओढ अस्तरापेक्षा जास्त आहे. अशा वेळी आतून आणखी एक कागद, दिशा पाठीला समांतर ठेवून, पातळ खळीने चिकटवावा आणि वही पुन्हा वजनाखाली ठेवावी. बहुतेक पुठ्ठे यावर सरळ होतात. कडा वहीकडे वळत असतील तर त्या फारसे बिघडवत नाहीत आणि वही नीट मिटते, म्हणून मी त्यांना हात लावत नाही. पुठ्ठा पिळलेला असेल तर मात्र आतली शिवलेली पाने सांध्यातून सोडवून घ्यावीत आणि मुखपृष्ठ नवीन करावे. पाने सोडवताना पाते पुठ्ठ्याच्या बाजूने चालवावे, शिवणीच्या बाजूने नव्हे.