पहिल्याच भागातलं स्वप्न उलगडत नाही? या चुका टाळा

'मादोका माजिका' (२०११) ही जपानी ॲनिमे मालिका स्वप्नाने सुरू होते. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या बोळातून मादोका धावत येते, दार ढकलते आणि समोर उद्ध्वस्त शहर. काळ्या केसांची एक मुलगी एकटीच लढतेय, हरतेय. तिथला पांढरा प्राणी, क्यूबे, मादोकाला सांगतो की माझ्याशी करार कर, जादूगार मुलगी हो, हे सगळं तू बदलू शकतेस. मग तिला जाग येते. त्याच दिवशी वर्गात नवी मुलगी येते, होमुरा. स्वप्नातलीच ती!

इथे गोंधळून अनेकजण मालिका सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे मात्र रहस्यं फुटणार आहेत. मालिका पाहिली नसेल तर आधी तिचे १२ भाग बघा, मग हे वाचा.

स्वप्न म्हणजे भविष्य, असं गृहीत धरणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रामायणात त्रिजटेला स्वप्नात लंकेचा नाश दिसतो आणि पुढे तसंच घडतं. गोष्टीतल्या स्वप्नाची हीच रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. म्हणून प्रेक्षक ते उद्ध्वस्त शहर कधी येतंय याची वाट बघत बसतात. पण मादोकाला दिसलं ते घडून गेलेलं आहे. होमुरा काळ मागे फिरवून तोच महिना पुन्हा पुन्हा जगते आहे, आणि ते दृश्य तिच्या आधीच्या फेरीचा शेवट आहे. दहाव्या भागात तोच प्रसंग होमुराच्या बाजूने दिसतो आणि सगळं जागेवर बसतं. भविष्यवाणी समजून पाहिलंत तर शेवटच्या भागांत 'स्वप्नात होतं तसं झालंच नाही' अशी चुटपुट लागते. तसं व्हायचं नव्हतंच, होमुराची सगळी धडपड त्यासाठीच होती.

तेव्हा 'पुढे काय होणार?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. हे कधीचं आहे आणि यातलं कोणाला आधीच ठाऊक आहे, ते बघा.

स्वप्नातच अडकून जागेपणीचं न बघणं

खरा पुरावा शाळेच्या कॉरिडॉरमध्ये आहे. होमुरा त्या शाळेत नवीन. तिला आरोग्य खोलीकडे न्यायची जबाबदारी मादोकावर. आणि पुढे चालतेय कोण? होमुरा! रस्ता तिला पाठ आहे. मग वळून ती विचारते, तुला तुझं आयुष्य, घरची माणसं, मित्रमैत्रिणी मोलाच्या वाटतात का? पहिल्यांदा भेटलेल्या मुलीला असं कोण विचारतं? लेखक गेन उरोबुची यांनी किल्ली इतकी उघड्यावर ठेवली आहे, आणि आपण स्वप्नातल्या इमारती मोजत बसतो.

दर फ्रेमला पॉज करणंही याच जातीचं. जादूगार मुली ज्यांच्याशी लढतात त्या चेटकिणींच्या चक्रव्यूहात दिसणारी सांकेतिक लिपी चाहत्यांनी उलगडली आहे, त्यात जर्मन कवी ग्योथेच्या 'फाउस्ट' नाटकातल्या ओळीही निघाल्या. तो आनंद खराच, पण दुसऱ्यांदा बघताना घ्या.

ओपनिंग स्किप करणं किंवा त्यावर आंधळा विश्वास ठेवणं

शीर्षकगीतात मादोका जादूगार मुलगी झालेली दिसते. प्रत्यक्षात ती करार करते शेवटच्या भागात. क्लॅरिस या जपानी गायिका-जोडीचं तेच गाणं दहाव्या भागाच्या अखेरीस वाजतं, तेव्हा ते होमुराचं गाणं होऊन जातं. गाणं टाळलंत तर हा धक्का हुकतो.

उत्तर लगेच मिळावं असा हट्ट

हीच गोष्ट दुसऱ्या एका ॲनिमेची. 'अटॅक ऑन टायटन'चा पहिला भाग एप्रिल २०१३ मधला. झाडाखाली झोपलेला नायक एरेन रडत जागा होतो, लांबलचक स्वप्न पडल्यासारखं वाटतं पण आठवत काहीच नाही. भागाचं नाव 'दोन हजार वर्षांनंतरच्या तुला'. हे कोणी, कोणाला म्हटलंय? पहिल्या सीझनमध्ये याचा पत्ताच लागत नाही, म्हणून कित्येकांनी तो सुटलेला धागा ठरवला. मालिका संपली २०२३ मध्ये, आणि त्या अश्रूंचा अर्थ त्या शेवटाशी बांधलेला आहे.

मधल्या काळात पात्राचं नाव सर्चमध्ये टाकू नका. नाव पुरं लिहायच्या आतच खालच्या सूचनांत कोण मरतं ते दिसतं. खटकलेला प्रसंग आणि त्याचं मिनिट वहीत टिपून ठेवा. मादोकाचा दहावा भाग संपला की अकरावा लावण्याआधी पहिल्या भागातला तो कॉरिडॉरचा प्रसंग पुन्हा बघा, आणि या वेळी नजर फक्त होमुराच्या चेहऱ्यावर ठेवा.