मृगाचा भरवसा नाही: गच्चीवरची बाग उन्हाला आणि पावसाला तयार कशी ठेवायची

2025 साली मोसमी पाऊस मुंबईत 26 मेलाच येऊन धडकला. 2023 साली त्याच मुंबईला 25 जूनपर्यंत वाट पाहावी लागली होती. तब्बल महिन्याचा फरक. मृग लागला की शेडनेट उतरवायचं आणि वेलांचं बी टोचायचं, हे गणित आता चुकतं. बरं, कुंडीत जमिनीसारखी खालची ओल नसते. दोन दिवस ऊन तापलं की रोप करपतं आणि एक रात्र पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात. म्हणून एकाच कुंडीची सोय दोन्हींसाठी करून ठेवायची.

सुरुवात वजनापासून करा, कारण इथली चूक झाडाला नाही, घराला भोवते. जिथे माणसांची ये-जा असते अशा सपाट गच्चीवर भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरलेला असतो. नुसत्या मातीचा फूटभर जाड वाफा भिजला की चौरस मीटरला 500 किलोच्या घरात जातो. त्यामुळे सलग वाफे नकोत. मोठ्या कुंड्या तुळई आणि भिंतींच्या रेषेत ठेवा, मधला भाग मोकळा सोडा. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

माती हलकीच हवी. 100 लिटर मिश्रणासाठी 30 लिटर लाल माती, 30 लिटर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, 30 लिटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 10 लिटर भाताचं तूस आणि किलोभर निंबोळी पेंड. हे भिजल्यावर लिटरमागे साधारण किलोभर भरतं. काळी माती कुंडीत टाळा: उन्हात भेगाळते, पावसात चिखल होते. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी दोनदा फेकून द्या. त्यातला खारटपणा गेला नाही तर रोपांच्या पानांच्या कडा जळतात आणि आपण उगीच उन्हाला दोष देतो.

कोकोपीटची आणखी एक खोड म्हणजे एकदा ते पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं, बशी भरते, मधली माती कोरडीच राहते. अशा वेळी कुंडी पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची. मोठी असेल तर अर्ध्या तासाच्या अंतराने तीनदा थोडं थोडं पाणी घालायचं.

शेडनेट भाज्यांसाठी 50 टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं घ्या. 75 टक्क्यांच्या नेटखाली रोपं सावलीला लांबुळकी होतात, फुलं कमी लागतात. मार्चच्या मध्यावर सात-आठ फुटांवर बांधा आणि पश्चिमेकडे कमरेपर्यंत खाली सोडा, कारण खरा मार दुपारी तीननंतरच्या तिरप्या उन्हाचा असतो. तीन बाजू नायलॉनच्या दोरीने पक्क्या, चौथी मात्र सुतळीने. वळिवाचं वारं सुटलं तर सुतळी तुटते आणि नेट फडफडत राहतं. चारही बाजू पक्क्या असल्या तर खांबच उपटून येतो. नेट काढायची तारीख पंचांगात शोधू नका. हवामान खात्याचा अंदाज बघा आणि ढगाळ हवा चार-पाच दिवस टिकली की मगच काढा.

तापलेल्या स्लॅबवर टेकवलेल्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. प्रत्येक कुंडी विटांवर उचला. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला बाहेरून चुना लावा किंवा गोणपाट गुंडाळा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की आतल्यांना सावली मिळते. कडेला काटक झाडं, मध्ये नाजूक. मातीवर दोन-तीन इंच उसाचं पाचट किंवा पालापाचोळा पसरा, पण खोडापासून दोन बोटं लांब.

पाणी सकाळी सातच्या आत घाला, आणि पाइपातलं तापलेलं पाणी आधी बादलीत सोडा. मेमध्ये बारा इंची कुंडीला दिवसाला दीड-दोन लिटर लागू शकतं. दुपारी माना टाकलेलं रोप तहानलेलं असेलच असं नाही. संध्याकाळी ते आपोआप ताठ झालं तर पाण्याची गरज नव्हती. बोट दोन इंच खुपसून बघा. एसीतून ठिबकणारं पाणी झाडांना चालतं. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नका. त्यातले क्षार साठून मातीवर पांढरा थर येतो.

ठिबक बसवताना बहुतेक जण दाबाचा विचार करत नाहीत. टाकी गच्चीपासून पाच-सहा फूटच उंच असेल तर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) नीट चालत नाहीत. तासाला 4 लिटरचे साधे ड्रीपर लावा. तेही इतक्या कमी दाबाला तासाला जेमतेम दीड-पावणेदोन लिटर देतात. पंधरा मिनिटं मापात पाणी धरून चारने गुणा आणि त्यावरून वेळ ठरवा. टायमर बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे मोटरने तोटी फिरवणारा घ्या. सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकाने झडप उघडणारे) बरेचसे टायमर कमी दाबाला उघडतच नाहीत. टाकीनंतर जाळीचा फिल्टर हवाच. गावाला जाणार असाल आणि ठिबक नसेल, तर लिटरभराचं न रंगवलेलं मडकं मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण ठेवा.

टोमॅटोची फुलगळ खतांनी थांबत नाही. दिवसा 35 अंशांच्या वर गेलं आणि रात्रही उकाड्याची असली की परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. उन्हाळ्यात त्याच्याशी भांडण्यापेक्षा गवार, भेंडी, चवळी, माठ लावा. कोरड्या उन्हात पानाखाली लाल कोळी ही बारीक कीड येते: पानं धुरकट, बारीक जाळी. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा. मग लिटरमागे 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळीच. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात.

आता पाऊस. 50 चौरस मीटर गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 5000 लिटर पाणी, आणि ते जाणार एका पाइपातून. तोंडाशी अडकलेली मूठभर पानं गच्चीचं तळं करतात, आणि 10 सेंटिमीटर साठलेलं पाणी म्हणजे चौरस मीटरला 100 किलो. मेच्या मध्यातच पाइपाच्या तोंडावर घुमटासारखी जाळी बसवा, सपाट नको. सपाट जाळी पानांनी लगेच झाकली जाते. कुंड्यांखालच्या बश्या काढा, भोकं सळईने मोकळी करा. मोठ्या कुंडीला बोट जाईल अशी पाच-सहा भोकं हवीत. पाचट पावसाळ्यात पातळ करा, नाहीतर गोगलगायींना आयतं घर. सततच्या पावसात खत वाहून जातं आणि जुनी पानं पिवळी पडतात. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या, एकदम ढीग घालू नका.

पाऊस जायलाही आता वेळ लागतो. हवामान खात्याने 2020 मध्ये मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली. म्हणून टोमॅटो, कोबी, वांग्याचं बी सप्टेंबरात ट्रेमध्ये छपराखाली टाका. रोपं चार-पाच पानांची झाली तरी बाहेर हलवायची घाई नको; परतीच्या पावसाचा जोर ओसरल्यावर लावा, आणि ऑक्टोबरच्या उन्हासाठी पहिला आठवडा तेच शेडनेट पुन्हा वर चढवा.