गिनी पिगने खाणं सोडलं तर

कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा आवाज येऊनही गिनी पिग शिट्या मारत पिंजऱ्याच्या दाराशी आला नाही, तर आधी घड्याळ बघा. त्याने शेवटचं कधी खाल्लं ते आठवून कागदावर लिहा. धडधाकट कुत्रा एखादा दिवस उपाशी राहिला तर सहसा निभावतं, याचं तसं नाही. याचं आतडं मागून येणाऱ्या गवताच्या रेट्यावर चालतं. वरून घास यायचा थांबला की आतलं अन्न जागच्या जागी सुकतं, आंबतं, गॅस धरतो. पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. उपासामुळे अंगातली चरबी यकृतात साठू लागते, आणि जाड गिनी पिगमध्ये हे फार लवकर होतं. १२ तास काहीच खाल्लं नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. २४ तास उलटले तर आणीबाणी समजा, रविवार असला तरी.

डॉक्टरांकडे निघण्याआधी दहा मिनिटांत काही गोष्टी बघून घ्या. पहिली म्हणजे पाण्याची बाटली. नळीच्या टोकाची गोळी क्षाराने अडकते आणि बाटली भरलेली दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गोळीवर बोट दाबा, थेंब यायला हवा. तहानलेला गिनी पिग कोरडं गवत खात नाही. कारण एवढंच असेल तर पाणी मिळाल्यावर तो थोड्याच वेळात गवताकडे वळतो.

मग लेंड्या. निरोगी लेंडी लांबट, एकसारखी, गडद तपकिरी असते. त्या बारीक, कडक, एका टोकाला निमुळत्या झाल्या असतील तर दोन-तीन दिवसांपासूनच पोटात कमी जातंय. लेंड्याच नसतील तर आतडं थांबत आलंय. दोघं एकत्र राहत असतील तर कुणाच्या लेंड्या ते कळत नाही. मध्ये जाळी लावा, पण एकमेकांचा वास आणि आवाज मिळू द्या, कारण एकट्याने कुढूनही खाणं तुटतं.

मग वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर डबा, डब्यात गिनी पिग. मोठ्याचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. २०-३० ग्रॅमचा फरक लघवी-लेंड्यांचाही असतो, तो सोडून द्या. ५० ग्रॅम उतरलं तर काहीतरी बिघडलंय. दहा टक्के उतरलं, म्हणजे ९०० ग्रॅमच्या प्राण्याचं ९० ग्रॅम, तर प्रकरण गंभीर आहे.

आता सगळ्यात उपयोगाची परीक्षा: आवडीचा घास तोंडासमोर धरा आणि नीट बघा. तो पुढे येतो, वास घेतो, उचलतो आणि तोंडातून खाली पाडतो? हनुवटी ओली आहे? मग भूक आहे, पण खाता येत नाही. दुखणं बहुतेक दातांत. त्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत कमी पडलं की दाढा झिजत नाहीत, आणि खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमान धरतात. पुढचे पटाशीचे दात चांगले दिसले म्हणून फसू नका. दाढा घरी दिसत नाहीत, त्यासाठी डॉक्टरांची दुर्बीण आणि बहुधा एक्स-रे लागतो. पटाशीचे दात नेलकटरने कापायचा उद्योग करू नका, दात उभा चिरतो.

घासाकडे बघतच नाही, अंग फुगवून कोपऱ्यात बसलाय, तर त्याला भूकच नाही. मग पोट, मूतखडा, छातीचा संसर्ग, मादी असेल तर अंडाशयातली गाठ, किंवा ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव. गाभण मादीने शेवटच्या दोन आठवड्यांत किंवा व्याल्यानंतरच्या आठवड्यात खाणं सोडलं तर एक तासही थांबू नका. विदर्भात एप्रिल-मेमध्ये आधी उन्हाचा संशय घ्या: ३० अंशांच्या वरची हवा याला सोसत नाही. आडवा पडून धापा टाकत असेल तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या नव्हे, आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

पोटावर हलकं बोट वाजवून बघा. ढोलकीसारखं ताणलेलं, टणक पोट असेल तर तोंडाने काहीही भरवायचं नाही, थेट दवाखाना. कान आणि पाय गार लागत असतील तर आधी ऊब द्या: कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दूर सरकता येईल.

कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना गिनी पिगची सवय नसते, म्हणून आधी फोन करून विचारा. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही चौकशी करता येते. दोन गोष्टी स्वतः लक्षात ठेवा. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन कधीही देऊ नका. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन तोंडावाटे गेली की आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विषारी वाढतात आणि काही दिवसांत गिनी पिग दगावतो. दुसरं, वाढलेले दात घासून कमी करायला भूल द्यायची असेल आणि ‘रात्रभर उपाशी ठेवा’ असं सांगितलं, तर पुन्हा विचारा. गिनी पिगला उलटी करताच येत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखा लांब उपास त्याला नको असतो. माणसांची वेदनाशामकं, दही, ताक, मध, ग्लुकोजचं पाणी यातलं काही देऊ नका. साखरेने पोटात आंबणं वाढतं.

डॉक्टर कारण शोधतील, तोवर आतडं चालू ठेवायचं ते सिरिंजने भरवून. याने आजार बरा होत नाही, पण बरं होण्याइतका वेळ मिळतो. तृणभक्षी प्राण्यांसाठी क्रिटिकल केअर नावाची पावडर मिळते: एक चमचा पावडर, दोन चमचे कोमट पाणी. ती नसेल तर त्याच्या रोजच्या पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, मिक्सरच्या छोट्या भांड्यात कोरड्याच अगदी बारीक दळा, मग दोन-अडीचपट कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. आधी भिजवून मग कुस्करलं तर गाठी राहतात आणि सिरिंज चोंदते. गाळू मात्र नका, गाळण्यात राहतो तो चोथाच आतड्याला हवा असतो. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल असावं.

१ मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका, निमुळतं तोंड आडवं कापून कडा कानशीने गुळगुळीत करा. प्रमाण दिवसाला किलोमागे ५० ते ८० मिली. ९०० ग्रॅमच्या गिनी पिगला ६० च्या हिशोबाने ५४ मिली, म्हणजे दर चार तासांनी ९ मिली, रात्रीसुद्धा. पहिल्या दोन वेळा निम्मंच द्या.

त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर बसवा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, चारही पाय खाली. उताणं कधीही धरायचं नाही. सिरिंज समोरून न घालता बाजूने, पटाशीच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून तिरकी आत सरकवा. पाव ते अर्धा मिली सोडा आणि थांबा. जबडा हलला, गिळलं, मगच पुढचं. घाईत एकदम मिलीभर दाबलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. शिंक आली किंवा नाकातून घास आला तर लगेच थांबा, डोकं खाली करा, श्वास पूर्ववत होऊ द्या. तरीही श्वास घुरघुरत असेल तर डॉक्टरांना कळवा. पहिल्या दिवशी तो घास ढकलून देतो, मान फिरवतो. सांडलेलं मोजून तेवढं परत द्या, नाहीतर कागदावर ५४ आणि पोटात ३० असा हिशोब होतो. शेवटी दोन-तीन मिली पाणी पाजा आणि हनुवटी कोरडी पुसा, ओल राहिली की कातडी सोलवटते. लेंड्या लगेच दिसणार नाहीत, साधारण एक दिवस धरा.

‘क’ जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही. निरोगी असताना किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरतं, आजारपणात ३० ते ५० लागतं. बाजारात सशांच्या पेलेट गिनी पिगला म्हणून सर्रास विकल्या जातात. ससा हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्यामुळे त्या खाण्यात ते सहसा घातलेलं नसतं. अशा पेलेटवर राहिलेल्याचे सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं आणि खाणं सुटतं. फक्त ‘क’ असलेले थेंब डॉक्टरांना विचारून थेट तोंडात द्या. पाण्यात मिसळले तर जीवनसत्त्व लवकर नासतं आणि चव बदलल्याने पाणी पिणंही कमी होतं. मल्टिव्हिटॅमिन नको, त्यातलं ‘अ’ आणि ‘ड’ अंगात साठतं.

प्रत्येक घासानंतर समोर गवत ठेवा. आजारी तोंडाला ताजी हरळी सगळ्यात सोपी जाते. फूलवाल्याकडच्या दूर्वा चालतात, पण स्वच्छ धुऊन, आणि गणपतीला वाहिलेल्या नकोत, त्यांना शेंदूर-गुलाल लागलेला असतो. सोबत ढोबळी मिरचीची बारीक उभी चिरलेली पट्टी आणि कोथिंबीर. कोबी आणि फ्लॉवर पोट सुधारेपर्यंत बाजूला. लसूणघास मोठ्यांना रोजचा नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं, पण वजन फारच उतरलं असेल तर काही दिवस मूठभर चालतो.

तो स्वतः गवत ओढून खायला लागला की सिरिंज एकदम बंद करू नका. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा. दोन दिवस वजन टिकलं तर आधी रात्रीचा एक घास बंद, आणखी दोन दिवस टिकलं तर दुपारचा. या काळात मात्र २०-३० ग्रॅम उतरलं तरी बंद केलेला घास पुन्हा चालू. कोथिंबीर चघळतो पण गवताला तोंड लावत नाही, असं आठवडाभर चाललं तर दाढा पुन्हा दाखवा.