सिंथेसायझरचे आवाज कॉम्प्युटरवर घडवताना या चुका टाळा

अनंत चतुर्दशीला गणपतींचे विसर्जन झाले की जेमतेम पंधरा दिवसांत नवरात्र बसते, आणि बडोद्यात कीबोर्ड वाजवणाऱ्यांसाठी हे मधले दिवस सर्वांत धावपळीचे असतात. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मंडळांच्या आरतीसाठी तयार केलेली सनई आणि हार्मोनियम मागे पडतात, गरब्यासाठी वेगळे आवाज लागतात, आणि वाद्याच्या चिमुकल्या पडद्यावर बोटे दुखेपर्यंत बटणे दाबण्यापेक्षा लॅपटॉपवर एडिटर, म्हणजे वाद्यातले आवाज कॉम्प्युटरवरून बदलण्याचे सॉफ्टवेअर, उघडून काम उरकावे असे प्रत्येकाला वाटते. ते योग्यच आहे. फिल्टरचा कटऑफ (आवाजातला कोणता भाग कुठून कापायचा), एन्व्हलपचा आकार (आवाज कसा उठतो आणि विरतो), प्रत्येक ऑपरेटरची (आवाज घडवणाऱ्या घटकाची) पातळी हे सगळे एका नजरेत दिसले की आवाज घडवण्याचे काम खरोखरच सोपे होते. मात्र याच दिवसांत माझ्याकडे जी वाद्ये ‘आवाज गेला’ म्हणून येतात, त्यांतल्या बहुतेकांमध्ये बिघाड नसतो. वाजवणाऱ्याच्या मनात एक गैरसमज असतो.

तो गैरसमज असा, की पडद्यावर दिसतो तोच आवाज वाद्यात आहे. वास्तविक एकाच आवाजाच्या तीन प्रती तीन ठिकाणी असतात. एक कॉम्प्युटरमधल्या फाइलमध्ये असते. दुसरी वाद्याच्या एडिट बफरमध्ये असते, म्हणजे आत्ता वाजत असलेल्या आवाजाच्या तात्पुरत्या जागेत. तिसरी वाद्याच्या कायमच्या मेमरीत, एखाद्या क्रमांकावर असते; तिथे आवाज लिहिण्याला ‘राइट’ करणे म्हणतात. एडिटरमध्ये माउसने नॉब फिरवला की बहुतेक वाद्यांत फक्त दुसरी प्रत बदलते. एडिटरमध्ये ‘सेव्ह’ दाबले की सामान्यतः पहिली प्रत जपली जाते. तिसरी प्रत या दोन्हींमुळे बदलेलच असे नाही, आणि कार्यक्रमात बटण दाबल्यावर वाजते ती नेमकी तिसरी.

गेल्या गणेशोत्सवात एक तरुण वादक दुपारी मंडपातूनच फोनवर बोलत होता. आदल्या रात्री तीन तास बसून त्याने सनई घडवली होती. अटॅक, म्हणजे आवाजाची सुरुवात, किंचित उशिरा येईल असा ठेवला होता, फुंकरीची खरखर नेमकी मिसळली होती, आणि फाइलला ‘सनई फायनल’ असे नाव दिले होते. “काका, काल रात्री सेव्ह केलं होतं हो, मग ती जुनी पिपाणी कशी वाजतेय?” मी विचारले, “वाद्यावर राइट केलंस का?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “लॅपटॉप घरी आहे.” झाले होते ते असे. एडिटरने आवाज बफरमध्ये पाठवला होता, तो रात्रभर छान वाजला होता, आणि सकाळी वाद्य बंद करून मंडपात आणल्यावर बफर पुसला गेला होता. लॅपटॉप आणवून, फाइल पुन्हा पाठवून, वाद्यावरचे राइट बटण दाबून आरतीआधी आवाज जागेवर बसवला. पण मधला तास त्याने ज्या काळजीत काढला, तो टाळता आला असता.

म्हणून काम संपल्यावर तीन गोष्टी याच क्रमाने कराव्यात. वाद्यावर राइट करून क्रमांक कागदावर लिहावा, दुसरा कोणताही आवाज निवडून पुन्हा त्या क्रमांकावर यावे, आणि शेवटी वाद्य बंद करून चालू करावे व यूएसबी काढलेली असताना तो आवाज ऐकावा. तिसरी पायरी लोक हमखास गाळतात, कारण रात्री उशीर झालेला असतो.

आधी घ्या, मग पाठवा

दुसरी चूक अधिक महाग पडते आणि ती माझ्या हातूनही झालेली आहे. एडिटर उघडला, इंटरनेटवरून उतरवलेली आवाजांची बँक, म्हणजे अनेक आवाजांचा संच, त्यात घेतली, आणि वाद्यात आधी काय आहे ते न घेताच ‘पाठवा’ दाबले. यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स७ या सिंथेसायझरचे उदाहरण घ्या, कारण तिथे हा हिशेब स्वच्छ दिसतो. या वाद्यातल्या एका आवाजाचा संदेश १६३ बाइटचा असतो आणि तो बफरमध्ये जातो. मेमरीतल्या आवाजांना त्याने धक्का लागत नाही. पण ३२ आवाजांचा एकत्रित संदेश ४,१०४ बाइटचा असतो आणि तो आतल्या मेमरीतले सगळे ३२ आवाज एका दमात बदलून टाकतो. कोणीतरी वर्षानुवर्षे जमवलेले आवाज असे सव्वा सेकंदात गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही त्या वादकाच्या दिवंगत वडिलांनी घडवलेले होते. ते परत आणता आले नाहीत. तेव्हापासून दुसऱ्याचे वाद्य हातात आले की पहिले काम त्याची पूर्ण मेमरी कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याचे. फाइलच्या नावात तारीख, आणि ती फाइल दुसऱ्या एखाद्या पेनड्राइव्हवरही.

उतरवलेली फाइल खरी आहे की नाही हेही पाहावे. डीएक्स७ च्या बँकेची फाइल ४,१०४ बाइटपेक्षा लहान भरली, तर मध्येच काहीतरी गळले आहे आणि तो बॅकअप धरून चालता येणार नाही.

वाद्य ऐकतच नाही, तेव्हा

एडिटर आणि वाद्य एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला सिस्टिम एक्सक्लुसिव्ह किंवा बोलीत सिसेक्स म्हणतात. हेक्स (सोळाच्या पद्धतीच्या) आकड्यांत पाहिले तर हा संदेश एफ० ने सुरू होतो आणि एफ७ ने संपतो, आणि एफ० च्या लगेच पुढे कंपनीचा क्रमांक असतो: रोलंडचा ४१, कोर्गचा ४२, यामाहाचा ४३. सूर वाजतात पण एडिटरमधले बदल पोहोचत नाहीत, अशी तक्रार असेल तर केबल बहुधा ठीक असते. अडते ते सिसेक्सवर. वाद्याच्या सिस्टिम मेनूत सिसेक्स स्वीकारण्याची परवानगी बंद असू शकते, मेमरी प्रोटेक्ट (मेमरीवर लिहिण्यास अटकाव) चालू असू शकतो, किंवा डिव्हाइस आयडी (वाद्याचा ओळख क्रमांक) जुळत नसतो. रोलंडच्या अनेक वाद्यांत आयडी मुळात १७ दाखवतो, पण संदेशात तोच आकडा १६ असा जातो, कारण मोजणी शून्यापासून होते. याच कारणाने आवाजांचे क्रमांकही एकाने चुकतात: मिडीत, म्हणजे वाद्ये आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या संदेशांच्या ठरलेल्या पद्धतीत, ते ० ते १२७ असतात आणि पुष्कळ वाद्यांच्या पडद्यावर १ ते १२८. सॉफ्टवेअरमधून बासरी मागवली आणि शेजारचाच आवाज आला, तर आधी हा एकाचा फरक तपासावा. बँक बदलतानाही बँक निवडणारे संदेश, कंट्रोलर ० आणि ३२, पाठवून भागत नाही. त्यांच्यामागून प्रोग्राम चेंज, म्हणजे आवाज निवडणारा संदेश, गेल्यावरच वाद्य जागचे हलते.

विंडोजवर आणखी एक अडचण येते. जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये मिडीचा पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर मागे उघडे राहिले असेल तर एडिटरला वाद्य सापडतच नाही. ते बंद करून एडिटर पुन्हा सुरू करावा.

आता केबलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे पैसे वाचवण्याच्या नादात दिवस वाया जातात. जुन्या पाच पिनांच्या मिडी जोडणीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट ठरलेला आहे. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. कॉम्प्युटरची यूएसबी याच्या कितीतरी पट वेगवान. त्यामुळे मधल्या छोट्याशा इंटरफेसला वेगाने आलेला डेटा साठवून हळूहळू पुढे सोडावा लागतो, आणि अगदी स्वस्तातल्या केबलमध्ये ही साठवण्याची जागा इतकी कमी असते की लांब सिसेक्स संदेशाचा शेपटीकडचा भाग गळून जातो. अशा केबलवर सूर नीट वाजतात, म्हणून संशय तिच्यावर जात नाही. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: एक आवाज पोहोचतो आणि पूर्ण बँक अडकते, तर केबल बदलून पाहावी. मिडी-ऑक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा पाठवण्याचा बफर लहान करता येतो आणि संदेशांमध्ये थोडा विलंब ठेवता येतो. जुन्या वाद्यासाठी १०० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी. मॅकवर सिसेक्स लायब्रेरियनमध्येही असा विराम ठेवता येतो. पडद्यावरचा नॉब माउसने भरभर फिरवला तरी हाच प्रश्न येतो, कारण तेवढ्यात शेकडो संदेश सुटतात आणि ऐंशीच्या दशकातले वाद्य गुदमरते.

फाइलमधली एखादी बाइट हाताने बदलण्याचा मोह मात्र आवरावा. रोलंडच्या संदेशात शेवटी चेकसम, म्हणजे संदेश तपासण्यासाठीचा आकडा, असतो आणि तो नव्याने काढला नाही तर वाद्य संदेश नाकारते.

सूर दुहेरी वाजतो किंवा वाजतच नाही

एकच पट्टी दाबल्यावर आवाज जाड, फिरल्यासारखा येतो आणि भरगच्च वाजवताना सूर तुटतात, तेव्हा तो बहुधा दोनदा वाजत असतो: एकदा पट्टीवरून थेट, आणि एकदा कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत येऊन. यावर उपाय म्हणून वाद्याचा लोकल कंट्रोल, म्हणजे पट्टीवरून थेट आवाज वाजण्याची सोय, बंद करतात. तो उपाय बरोबर आहे, पण काम झाल्यावर तो पुन्हा चालू करायला विसरू नये. काही वाद्ये ही स्थिती लक्षात ठेवतात आणि मग लॅपटॉपशिवाय मंचावर एकही सूर उमटत नाही.

कानाचे काम कानालाच करू द्यावे

एडिटरचा आलेख डोळ्यांना इतका पटतो की ऐकणे मागे पडते. आरतीची हार्मोनियम घडवताना फिल्टर आणि रिव्हर्बवर (घुमाऱ्यावर) तास घालवले जातात आणि सप्तकाकडे कोणी पाहत नाही. कीबोर्डचा समान स्वरांतराचा शुद्ध गांधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) असतो, तर तंबोऱ्यात ऐकू येणारा ३८६ वर. म्हणजे तो सुमारे १४ सेंट उतरवावा लागतो. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली, तिथे आरतीला बसलेल्या आजींनाही चढा गांधार खटकतो. वाद्याच्या स्केल ट्यूनच्या (एकेक स्वर चढवण्या-उतरवण्याच्या) पानावर ही दुरुस्ती करता येते, पण सा बदलला की ती पट्टीही बदलावी लागते: सा पांढरी एक असेल तर पांढरी तीन उतरवायची, काळी दोन असेल तर पांढरी पाच. शिवाय पुष्कळ वाद्यांत स्केल ट्यून आवाजाबरोबर साठत नाही. ते सिस्टिममध्ये किंवा परफॉर्मन्समध्ये (अनेक आवाज एकत्र बसवलेल्या मांडणीत) असते आणि तिथेच राइट करावे लागते. इफेक्टचेही तेच. एकट्या पॅचमध्ये (सुट्या आवाजात) भरदार वाजणारी सनई परफॉर्मन्समध्ये टाकल्यावर कोरडी पडते, कारण तिथे परफॉर्मन्सचे इफेक्ट लागू होतात. म्हणून जो परफॉर्मन्स कार्यक्रमात वाजणार, त्यातच बसवून आवाज पारखावा.

हेडफोनवर ठरवलेला आवाज गरब्याच्या मैदानावर तसा लागत नाही. मैदानावरची यंत्रणा पुष्कळदा मोनो (डावा-उजवा एकत्र करून) चालवलेली असते, आणि डाव्या-उजव्या बाजूंत विरुद्ध डोलणारा रुंद कोरस इफेक्ट मोनोत मिसळला की पातळ होतो. घरीच वाद्याच्या डाव्या मोनो आउटमधून एका स्पीकरवर ऐकावे, रिव्हर्ब निम्म्यावर आणावा कारण मैदान स्वतःच घुमते, आणि सगळे आवाज एकामागून एक वाजवून त्यांच्या पातळ्या सारख्या कराव्यात. त्या वेळी लॅपटॉप जोडलेला असेल आणि स्पीकरमधून गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. गुणगुण थांबली तर ती घडवलेल्या आवाजातली नव्हती.