कॅनडाच्या नागरिकत्वासाठी १,०९५ दिवस कसे मोजावेत

२०२५ च्या जुलैत ओळखीतली एक मुलगी तिचा भारतीय पासपोर्ट आणि एक वही घेऊन आमच्याकडे मिसिसागाला आली. तिच्या हिशेबाने अर्ज टाकायचा पहिला मोकळा दिवस होता ७ ऑगस्ट, आणि त्याच दिवशी ती अर्ज टाकणार होती. वही नीटनेटकी, बेरजा बरोबर. फक्त भारतात गेल्याच्या तारखा तिने पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून उतरवल्या होत्या. मुंबईचा शिक्का १४ डिसेंबरचा, म्हणून वहीत ‘१४ डिसेंबरला गेले’. विमान मात्र टोरांटोहून १२ तारखेच्या रात्री सुटलं होतं. युरोपात थांबा, तिथून पुढचं विमान, आणि मुंबईत उतरेपर्यंत मध्यरात्र उलटून १४ तारीख लागलेली. दुसऱ्या फेरीतही तेच. ७ ऑगस्टला अर्ज गेला असता, तर तिचे दिवस भरले असते १,०९२.

तीन दिवस कमी म्हणजे अर्ज नामंजूर. प्रौढांसाठीची ५३० डॉलरची प्रक्रिया फी एकदा काम सुरू झालं की परत मिळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे वाट पाहण्यात गेलेले महिने. हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून हिशेब कसा करायचा ते सविस्तर लिहितो आहे.

आधी नियम समजून घ्या

अर्जाच्या तारखेच्या लगेच आधीच्या पाच वर्षांत तुम्ही किमान १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडाच्या भूमीवर असायला हवं. ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर सगळा भर आहे. इथे घर आहे, गाडी आहे, मुलं शाळेत जातात, टॅक्स भरता, या कशानेही दिवस वाढत नाहीत. तुम्ही स्वतः इथे होता की नव्हता, एवढंच पाहिलं जातं.

२०१५ ते २०१७ या काळात नियम कडक होता: सहा वर्षांत चार वर्षं, शिवाय त्यातल्या चार कॅलेंडर वर्षांत दरवर्षी किमान १८३ दिवस. ११ ऑक्टोबर २०१७ पासून सध्याचा नियम आला. जुन्या लोकांकडून अजूनही ‘वर्षाला १८३ दिवस लागतात’ असं ऐकायला मिळतं. ते आता लागू नाही.

पहिली पायरी: पीआर (कायम रहिवासी) झाल्याची तारीख शोधा

ही तारीख पीआर कार्डाच्या मागच्या बाजूला आणि पीआर मंजुरीच्या कागदावर असते. कार्ड हातात पडल्याची तारीख वेगळी आणि पीआर मिळाल्याची वेगळी. आपल्याला दुसरी हवी. त्या दिवसापासून पुढचा कॅनडातला प्रत्येक दिवस एक पूर्ण दिवस.

दुसरी पायरी: पीआरच्या आधीचे अर्धे दिवस

स्टडी परमिट, वर्क परमिट किंवा व्हिजिटर म्हणून कायदेशीर राहिलात, तर तो प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो. असे जास्तीत जास्त ३६५ दिवस मिळतात, म्हणजे ७३० दिवस राहून ३६५. सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिजिटर व्हिसावर) आलेल्या आईबाबांना पुढे पीआर मिळाली, तर त्यांचेही ते दिवस असेच अर्धे मोजले जातात. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

इथे दोन गोष्टी सांभाळा. पहिली, हे दिवसही त्याच पाच वर्षांत बसले पाहिजेत. २०१८ मध्ये शिकायला आलेल्याने २०२५ मध्ये अर्ज केला, तर त्याचे २०१८-१९ चे दिवस खिडकीबाहेर गेले. दुसरी, परमिट संपलं आणि मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला नव्हता, असा मधला काळ असेल तर तो मोजू नका. मुदतवाढीचा अर्ज आधीच गेला असेल आणि तुम्ही उत्तराची वाट पाहत इथे असाल, तर ते दिवस चालतात.

तुरुंगात, पॅरोलवर किंवा प्रोबेशनवर घालवलेले दिवस सहसा धरत नाहीत. तुमच्या बाबतीत असं काही असेल, तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

तिसरी पायरी: प्रवासाच्या तारखा गोळा करा

खरं काम इथे आहे. यासाठी एक पूर्ण संध्याकाळ काढा.

कॅनडा सोडताना पासपोर्टवर कुणी शिक्का मारत नाही. परत येतानाही आता विमानतळावरच्या मशीनमधून बाहेर पडतो आपण, शिक्का मिळेलच असं नाही. त्यामुळे पासपोर्टमध्ये दिसतात ते बहुतेक भारताचे शिक्के, आणि ते सांगतात भारतात कधी उतरलात आणि भारतातून कधी निघालात. आपल्याला हवं आहे कॅनडातून कधी निघालात आणि कॅनडात कधी पोचलात. येताना फारसा फरक पडत नाही: मुंबईहून पहाटे दोनला निघालेला माणूस घड्याळं मागे गेल्यामुळे बहुधा त्याच तारखेला टोरांटोत उतरतो. जाताना मात्र एक-दोन दिवसांचा फरक हमखास पडतो.

म्हणून शिक्क्यांच्या आधी ईमेल उघडा. विमान कंपनीचं तिकीट, बोर्डिंग पास, ट्रॅव्हल एजंटने पाठवलेली पावती शोधा. तिकीट बदललं असेल, तर शेवटचं तिकीट धरा. विमान रद्द होऊन दुसऱ्या दिवशी निघालात का, ते आठवा. त्या आठवड्यातले व्हॉट्सॲपचे निरोप आणि फोनमधले फोटो यासाठी फार कामाला येतात. आमच्याकडे आलेल्या मुलीला नोव्हेंबरमधली फेरी अशीच सापडली. विमानतळावर निरोप द्यायला आलेल्या मैत्रिणीबरोबरचा फोटो होता, फोनमध्ये तारीख २० नोव्हेंबर, आणि वहीत लिहिलं होतं २२.

अमेरिकेच्या फेऱ्या विसरू नका. नायगाराहून पलीकडे बफेलोला खरेदीला गेलात आणि रात्री परत आलात, तरी ती फेरी नोंदवा. तिने एकही दिवस कमी होत नाही, पण यादी पुरी दिसते. गाडीने गेलेल्यांना हे आठवत नाही. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट काढून अमेरिकन डॉलरमधले खर्च पाहिले की सगळं समोर येतं.

एवढं करूनही शंका उरली, तर कॅनडाच्या सीमा सेवा खात्याकडून तुमच्या येण्या-जाण्याची नोंद माहितीच्या अर्जाने मागवता येते. त्यात येण्याच्या नोंदी असतात. विमानाने बाहेर जाणाऱ्यांची माहिती हे खातं २०२० च्या उन्हाळ्यापासून गोळा करतं आहे. नागरिकत्वाचा अर्ज तपासणारे अधिकारीही ही माहिती पाहू शकतात. तुमची यादी आणि त्यांची यादी जुळली पाहिजे, हे मनात ठेवून लिहा.

चौथी पायरी: गैरहजेरी मोजा

नियम आपल्या बाजूचा आहे. दिवसाचा थोडासा भाग जरी कॅनडात असलात, तरी तो दिवस पूर्ण धरतात. म्हणजे निघाल्याचा दिवस तुमचा आणि परतल्याचा दिवसही तुमचा. मधलेच दिवस वजा होतात. १२ डिसेंबरला निघून ७ जानेवारीला परत आलात, तर गैरहजेरी १३ डिसेंबर ते ६ जानेवारी, म्हणजे २५ दिवस.

पाचवी पायरी: एक हिशेब सोबत करून पाहू

त्याच मुलीचं उदाहरण घेऊ. ती स्टडी परमिटवर २५ ऑगस्ट २०२१ ला आली. पीआर १० मे २०२३ ला. २५ ऑगस्ट २०२१ ते ९ मे २०२३ हे झाले ६२३ दिवस. मधल्या डिसेंबरातल्या फेरीचे २५ वजा करा: ५९८. त्याचे निम्मे २९९.

१,०९५ मधून २९९ गेले, उरले ७९६. एवढे दिवस पीआर म्हणून भरायचे. १० मे २०२३ पासून मोजत गेलं तर ७९६ वा दिवस येतो १३ जुलै २०२५. २०२४ हे लीप वर्ष होतं, तो एक दिवस धरून. पण २० नोव्हेंबर २०२४ ला ती बहिणीच्या लग्नाला गेली आणि १८ डिसेंबरला आली, म्हणजे २७ दिवसांची गैरहजेरी. म्हणून ७९६ वा दिवस सरकून ९ ऑगस्टला गेला. अर्जाचा दिवस स्वतः मोजला जात नाही, तेव्हा अर्ज टाकायचा पहिला दिवस १० ऑगस्ट.

हे हाताने एकदा करा, म्हणजे आकडे अंगात मुरतात. मग इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर दिवस मोजायचं ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे, त्यात त्याच तारखा भरा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर बहुतेक वेळा कुठेतरी महिना आणि दिवस उलटे पडलेले असतात. कॅल्क्युलेटरच्या निकालाची प्रत अर्जासोबत लागते, तेव्हा ती जपून ठेवा.

सहावी पायरी: वरकड दिवस ठेवा

१,०९५ भरले की त्याच सकाळी अर्ज टाकू नका. थोडे जास्त दिवस हाताशी ठेवून अर्ज करा, असं इमिग्रेशन खातं स्वतःच सुचवतं. माझा सल्ला, निदान महिनाभर थांबा. पाच-सहा फेऱ्या झालेल्या असतील, तर दोन महिने. एखादी तारीख चुकली तरी अर्ज तरतो. त्या मुलीने सप्टेंबरच्या मध्यावर अर्ज पाठवला.

घरी जायचं की नाही

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुधा दबलेला असतो. वडिलांचं ऑपरेशन आहे, आजी शेवटच्या घटका मोजते आहे, आणि इकडे दिवस भरत आलेत. जावं का?

जा. कॅनडाच्या नियमात गैरहजेरीने आधीचे दिवस पुसले जात नाहीत. अमेरिकेत सलग वास्तव्याची वेगळी अट आहे आणि सहा महिन्यांहून लांबलेली फेरी तिथे अडचणीची ठरू शकते. तिथल्या भावाचं ऐकून इथे घाबरू नका. इथे सहा आठवडे सांगलीला राहिलात, तर अर्ज साधारण सहा आठवडे पुढे जातो, बाकी काही बिघडत नाही. पाच वर्षांत साधारण १,८२६ दिवस असतात, लागतात १,०९५. दोन वर्षांची मोकळीक कायद्यानेच दिलेली आहे. या गैरसमजापायी आईच्या दहाव्यालाही न गेलेला माणूस मी पाहिला आहे. त्याला वेळेवर कुणी सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

एकच लक्षात ठेवा: फेरी फार लांबली, तर आधीचे अर्धे दिवस पाच वर्षांच्या खिडकीबाहेर सरकू शकतात. तेव्हा परत आल्यावर हिशेब नव्याने करा.

पीआर टिकवायचा नियम वेगळा

पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस लागतात. त्यात कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात राहिलेले दिवसही धरता येतात. नागरिकत्वाच्या १,०९५ मध्ये ते चालत नाहीत. दुबईत नवऱ्यासोबत राहिलेल्या, पीआर कार्ड सहज नवं करून मिळालेल्या बायका इथेच चुकतात.

बाकीच्या अटी थोडक्यात

पाच वर्षांपैकी किमान तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स, जिथे भरणं लागू असेल तिथे. वय १८ ते ५४ असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंचचा पुरावा आणि २० प्रश्नांची परीक्षा, त्यात १५ बरोबर हवेत. १८ खालच्या मुलांनी आईवडिलांसोबत अर्ज केला तर त्यांना दिवसांची अट नाही; फक्त पीआर हवी.

अर्ज गेल्यानंतर

अर्जानंतरचे दिवस मोजले जात नाहीत, त्यामुळे प्रवास करायला हरकत नाही. पण शपथ होईपर्यंत तुम्ही पीआरच असता, तेव्हा ७३० ची अट पाळा, आणि परीक्षेच्या किंवा शपथेच्या तारखेची सूचना ईमेलवर येते ती चुकवू नका. अधिकाऱ्याला दिवसांविषयी शंका आली, तर तो जास्तीचे पुरावे मागतो: घरभाड्याचे करार, नोकरीची पत्रं, शाळा-कॉलेजचे दाखले, पासपोर्टची सगळी पानं. ही फाइल आजपासूनच बनवा.

पासपोर्टची पानं स्कॅन करणं तर आजच उरकून टाका, कोरी पानंही धरून. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. शपथेनंतर पासपोर्ट सरेंडर करायचा असतो, आणि ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या कार्डाचा) अर्ज करताना तो सरेंडर केल्याचा दाखला लागतो. रद्द केलेला पासपोर्ट परत मिळाला की तो टाकून देऊ नका. कॅनडातल्या पहिल्या दिवसाचा शिक्का बहुधा त्याच पासपोर्टात असतो.