दाढा गेल्यावर वजन कसे सांभाळावे

दाढा पडल्या की माणूस कमीच खाईल आणि बारीक होईल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अनेकांच्या ताटातून आधी ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ आणि काकडी जाते, आणि त्यांची जागा चहात बुडवलेली खारी, पाव व बिस्किटे घेतात, त्यामुळे चावणे कमी होऊनही वजन वाढते. म्हणून पहिल्यांदा आठवडाभर काय खाल्ले आणि काय चावता येईना म्हणून बाजूला सारले, हे वहीत लिहावे.

पदार्थ सोडू नये, त्याचे रूप बदलावे. भाकरी गरम असतानाच आमटीत कुस्करून दहा मिनिटे मुरू द्यावी, गाजर किसून दह्यात कालवावे, शेंगदाण्यांचा कूट करावा आणि उसळ कुकरमध्ये एक शिट्टी जास्त देऊन शिजवावी.

साखरेची मात्र गय करू नये, कारण ती दात आणि वजन दोन्ही बिघडवते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांहून कमी ठेवण्यास सांगितले. 2000 उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे 50 ग्रॅम होते. दोन चमचे साखरेचे पाच चहा जवळपास तिथेच पोहोचतात, बिस्किटे वेगळी!

वजन घटल्यास कवळी सैल होऊ शकते. ती दंतवैद्याकडून बसवून घ्यावी. प्रयत्न न करता सहा महिन्यांत 60 किलोंचे 57 झाले, तर दोष दातांवर ढकलून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.