मल्चिंग ब्लेडची ट्रायल घेताय? या चुका टाळा

गोव्यात बॅटरीवरचा रायडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, घरी आला, की पुढची हौस मल्चिंग ब्लेडची. कापलेलं गवत डेकखालीच (ब्लेडवरच्या झाकणाखालीच) फिरवत पुन्हा पुन्हा कापायचं आणि तो बारीक चुरा लॉनमध्येच पाडायचा, एवढंच त्याचं काम. पिशव्या भरायला नकोत, वर थोडा नत्र फुकट. पण लोक ट्रायलच अशी घेतात की ब्लेड नापास झालंच पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्या, माजलेल्या गवतावर ट्रायल. बार्देशातल्या एका बंगल्यावरून असाच फोन आला होता. चवथ तोंडावर, पाहुणे यायचे, आणि पावसामुळे बरेच दिवस लॉनला हात लागलेला नाही. मालकांनी नवी ब्लेडं चढवली, डेक सगळ्यात खाली ओढला आणि सर ओसरल्या ओसरल्या गाडी आत घातली. मी पोचलो तर लॉनभर शेणाच्या पोवासारखे हिरवे गोळे आणि मोअर मधोमध बंद. "ब्लेडंच फालतू हो, सारखी ट्रिप होते!" किल्ली काढली, बॅटरी सोडवली, डेकखाली बघितलं. आत लगद्याचा बोटभर थर, वर माडाच्या चुडताचे हीर अडकलेले. मल्चिंगला डेकखाली गवत फिरायला मोकळी जागा लागते. तीच बुजली तर चुरा फिरणार कुठे? ब्लेडवर भार आला, मोटरने करंट जास्त ओढला, कंट्रोलरने पुरवठा तोडला. मोटर वाचली ती त्यामुळेच. लाकडी पट्टीने डेक खरवडला आणि उघडीप मिळेपर्यंत थांबायला सांगितलं. ते मालकांना आवडलं नाही. उघडिपीत पहिला हात उंच ठेवून मारला, दुसरा काही दिवसांनी खाली. ब्लेडं तीच, गोळा एकही नाही.

एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा. 9 सेंटिमीटर असेल तर 6 वर आणा, 3 वर नाही. जुलै-ऑगस्टात यासाठी आठवड्यातून दोनदा मोअर काढावा लागतो. ज्यांना महिन्यातून एकदाच वेळ आहे त्यांनी मल्चिंगच्या नादी लागू नये. हिवाळ्यातही सकाळी दव असतं. मी अकराच्या आधी चाक फिरवत नाही.

दुसरी चूक, तुलनाच न करणं. जुनं बोथट ब्लेड काढलं, नवं धारदार लावलं आणि "वा, मल्चिंगची कमाल!" अरे, ती धारेची कमाल. जुन्याला आधी धार लावा. मग एकाच लॉनचे सारखे दोन पट्टे घ्या, उंची तीच, वेग तोच, दोन्ही वेळा बॅटरी पूर्ण चार्ज. सुरुवातीची आणि शेवटची टक्केवारी लिहून ठेवा. मल्चिंग थोडी जास्त बॅटरी खातं. किती, ते तुमच्याच लॉनवर कळेल. मधे ब्लेडं बदलायचा कंटाळा येतो, पण मग त्याला ट्रायल म्हणू नका. दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून गवताच्या पात्यांची टोकं बघा. पांढुरकी, फाटकी दिसली तर गवत कापलं गेलेलं नाही, ओरबाडलं गेलंय.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. ब्लेड उलटं लावणं: वर वळलेली पंखं डेककडे असली पाहिजेत. बाजूचं तोंड उघडं ठेवणं: मल्च प्लग लावला नाही तर चुरा बाहेरच उडणार. बोल्ट अंदाजपंचे आवळणं: मॅन्युअलमध्ये टॉर्क (किती जोराने आवळायचं ते) दिलेला असतो, टॉर्क रेंच वापरा. धार लावून तोल न बघणं: खिळ्यावर मधल्या भोकाने अडकवा, जे टोक खाली जातं ते अजून थोडं घासा.

जांभ्याचे खडे आणि माडाखालची गळलेली बोंडं आधी वेचा, हे सांगून माझं तोंड दुखलं. आणि ट्रायल झाल्यावर डेक धुवायला प्रेशर वॉशर काढू नका. खाली ब्लेडच्या मोटरी आणि वायरिंग आहे. लगदा वाळायच्या आत पट्टीने खरवडला की काम भागतं.